आबांची रेंज: स्मृती सामन्याच्या प्रकल्प नोंदी

आमच्या नेमबाजी क्लबचे आबा फेब्रुवारीत गेले. सांगलीतल्या ज्या शाळेच्या हॉलमध्ये आमची दहा मीटरची रेंज आहे, तिथल्या सहाही लेन त्यांनी उभ्या केल्या. तारा, चाकं, चौकटी, दिवे, सगळं त्यांच्या हातचं. एका गोष्टीवर ते अडून बसायचे: सहा नंबरच्या लेनवरच्या पोराला एक नंबरच्या लेनसारखंच टार्गेट, तेवढाच उजेड आणि तेवढंच अंतर मिळालं पाहिजे. म्हणून त्यांच्या नावाचा सामना भरवायचा तर आधी सहाही लेन त्यांच्या मापावर आणायच्या, असं ठरलं. त्यांच्या साहित्याची नीट व्यवस्था लावणं हेही याच कामात धरलं आहे. दुसऱ्या एखाद्या क्लबला असं काम काढायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून मापं आणि अडचणी तपशिलात लिहिल्या आहेत.

रविवार, ८ जून २०२५. साहित्याची यादी

वहिनींनी आबांचं कपाट उघडून दिलं. दाबाच्या हवेवर चालणारी १० मीटरची मॅच रायफल, तिच्या दोन टाक्या, जॅकेट, पँट, बूट, हातमोजा, फोरसाइटच्या (नळीच्या टोकावरच्या साइटच्या) रिंगांची डबी, स्कोअरिंगचे म्हणजे भोक तपासायचे गेज, छर्ऱ्यांचे डबे आणि वह्या. प्रत्येक डब्यावर बॅच क्रमांक, हेडचं म्हणजे छर्ऱ्याच्या डोक्याचं माप आणि किती छर्रे उरले ते पेन्सिलीने लिहिलेलं.

.२२ रायफल या यादीत नाही. ती वहिनींनी पहिल्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात जमा केली. तो क्रम लिहून ठेवतो, कारण दुःखाच्या दिवसांत नेमकी इथेच गडबड होते. परवानाधारक गेला की त्याचं शस्त्र घरात ठेवायला कायदेशीर आधार उरत नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला जोडून आधी ठाण्यात अर्ज द्यायचा आणि शस्त्र कोणी, कसं न्यायचं हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यायचं. पावतीवर बनावट, अनुक्रमांक, बोअर (नळीचा व्यास) आणि काडतुसांची नेमकी संख्या आली पाहिजे. संख्या मोजल्याशिवाय पावती घेऊ नये. "आठवण म्हणून माझ्याकडे राहू दे" म्हणून मित्राने रायफल घरी नेली तर तो थेट गुन्हा होतो, हेतू कितीही चांगला असो. वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. तो नको असेल तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याच्या परवानगीने विक्री करता येते. वहिनींनी विक्रीचा अर्ज दिला आहे.

एअर रायफलची गोष्ट सोपी. ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर परवाना लागत नाही, आणि मॅच रायफल साडेसात ज्यूलच्या आतच असते. तरी खरेदीची पावती रायफलच्या पेटीतच ठेवली आहे. प्रवासात कोणी अडवलं तर तीच कामाला येते. ही रायफल क्लबच्या मुलांना वापरायला द्यायची, ही वहिनींची इच्छा.

रविवार, १५ जून. टाक्या आणि रायफल

टाकीवरचा तारखेचा ठसा आधी वाचायचा. यांचं आयुष्य बनवल्यापासून दहा वर्षं. एक टाकी २०१२ ची निघाली, दुसरी २०१८ ची. २०१२ ची दिसायला नवी कोरी आहे, ओरखडा नाही, तरी बाद. ॲल्युमिनियम भरून-रिकामं होऊन थकतं आणि ते बाहेरून दिसत नाही. हवा सोडण्याच्या स्क्रूने ती सावकाश रिकामी केली. एकदम सोडली तर तोंडाशी बर्फ धरतो आणि सील कडक होऊन फाटतं. रिकामी झाल्यावर आटे कापून टाकले, म्हणजे चुकूनही कोणी पुन्हा भरणार नाही.

२०१८ ची टाकी २०० बारपर्यंत भरून गळती तपासली. संध्याकाळी हॉलमध्ये ३५ अंश होतं, सकाळी २५. एवढ्या फरकाने २०० चे साधारण १९३-१९४ बार दिसतात. ती गळती नव्हे, हवा थंड झाली इतकंच. त्यामुळे तपासणी एकाच वेळी, एकाच तापमानाला करायची. काटा त्याहून खाली गेला तर सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. सांध्यातल्या रबरी रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस. मशीनचं तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. याच कारणासाठी वेल्डरकडच्या ऑक्सिजनने टाकी भरण्याचा विचारही करू नये. भरायची ती कोरडी, गाळलेली हवाच.

रायफलीची बॅरल पाठीमागून पुढे, नायलॉनच्या दोरीला कापडाची चिंधी बांधून साफ केली. लोखंडी गज घातला तर तोंडाची कड झिजते आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा भोकांचा पुंजका, कायमचा बिघडतो. साफ केल्यावर पहिले पंधरा-वीस छर्रे इकडेतिकडे जातात, शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत. त्यावरून काही ठरवायचं नाही.

स्टॉकचे (रायफलीच्या दस्त्याचे) दोन मुख्य स्क्रू बघण्यासारखे आहेत. आबांनी स्क्रूच्या डोक्यावरून स्टॉकवर जाणारी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली आहे. स्क्रू सैल पडला की रेघ तुटते आणि रायफल हातात घेताच कळतं. मुलं "साइट हलली" म्हणून साइटचे क्लिक फिरवत बसतात, तेव्हा निम्म्या वेळा हलला असतो तो हा स्क्रू. पुढचा जुळला होता, मागचा केसभर फिरलेला. रेघ जुळेपर्यंत आवळला. क्लबच्या सगळ्या रायफलींना आता हीच रेघ ओढली आहे.

वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १६४ ते १६७ मीटर. म्हणजे सुमारे ७.२ ज्यूल, आणि फरक तीन मीटरचा. हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर ठीक आहे. फरक दहा-बारा मीटर झाला असता तर टार्गेटवर छर्रे वर-खाली पसरले असते. वजन साइटसकट ५.५ किलोच्या मर्यादेत.

रविवार, २२ जून. वह्या

घरगुती पानं वेगळी काढून वहिनींना परत दिली. नेमबाजीची पानं वाचून त्यातलं कामाचं उतरवून घेतलं.

आबांची पद्धत एका गोळीला एक ओळ अशी. रकाने चार: क्रमांक, कॉल, प्रत्यक्ष, शेरा. कॉल म्हणजे गोळी सुटली त्या क्षणी साइट कुठे होती ते टार्गेट बघण्याआधी लिहायचं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे: "९, दोन वाजता". मग प्रत्यक्ष गोळी. ही दोन जुळत असतील तर नेमबाजाला स्वतःची चूक दिसते आहे, मग सराव वाढवायचा. जुळत नसतील आणि फरक रोज एकाच दिशेला असेल तर साइट किंवा उजेड. फरक कुठल्याही दिशेला जात असेल तर फॉलोथ्रू नाही, ट्रिगर सुटताच डोकं उचललं जातं आहे. नुसता स्कोअर लिहिणाऱ्या वहीतून यातलं काही कळत नाही. हे चार रकाने छापून मुलांच्या वह्या करायच्या ठरल्या.

छर्ऱ्यांच्या बॅचची चाचणी त्यांनी शिकंज्यात रायफल धरून केलेली आहे: ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ हेडचे प्रत्येकी दहा छर्रे एकाच कार्डावर, आणि ग्रुपचं बाहेरून बाहेर माप. हिशोब असा: छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत असला की १०. म्हणजे बाहेरून बाहेर ९.५ मिमीचा ग्रुप बरोबर मध्यावर बसला तर दहाच्या दहा १०. पण ती सगळी मोकळीक छर्ऱ्यानेच खाल्ली तर माणसाच्या हाताला काही उरत नाही. म्हणून सहा मिमीच्या वरची बॅच आबा सामन्याला घेत नसत. त्यांच्या या रायफलीला ४.५० बसतो. दुसऱ्या रायफलीला तोच बसेल असं नाही, प्रत्येक बॅरल वेगळी मोजावी लागते.

फोरसाइटबद्दल एक पान आहे, ते मुलांना जसंच्या तसं द्यावं इतकं सरळ आहे. एअर रायफलच्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमी. डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवरच्या रिंगेत तो सुमारे २.७ मिमी दिसतो. रिंग ३.२ ची घेतली तर काळ्याभोवती पांढरी कड फारच बारीक उरते. डोळा ती जपायला धडपडतो, गोळी सोडायला उशीर होतो आणि थकवा येतो. ४.० किंवा ४.२ घेतली की कड स्वच्छ दिसते. नवशिक्याला लहान रिंग जास्त अचूक वाटते, आणि स्कोअर मात्र मोठ्या रिंगेने वाढतो.

श्वासाच्या ध्यानावरही पानंच्या पानं आहेत. भीष्मराज बाम सरांनी महाराष्ट्रातल्या नेमबाजांना योगाच्या अंगाने मनाची तयारी करायला शिकवलं, त्या परंपरेतली. बाम सर २०१७ साली गेले. त्या पानांची वेगळी प्रत काढली आहे.

रविवार, २९ जून. लेनच्या तारा

प्रकल्पातलं सगळ्यात मोठं काम. रचना अशी: फायरिंग लाइनपासून टार्गेटपर्यंत दोन समांतर तारा, त्यावर चार चाकांची गाडी, गाडीला कार्डाची चौकट, आणि हाताने फिरवायच्या चाकावरून गेलेली दोरी. चाक फिरवलं की कार्ड जातं-येतं.

बिघाड तीन.

पहिला दोरीचा. मधल्या काळात कोणीतरी नायलॉनची दोरी टाकली होती. नायलॉन ओल धरतं आणि पावसाळ्यात लांबतं. दोरी सैल पडली की चाक फिरतं पण गाडी शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर जात नाही. ३ मिमीची विणलेली पॉलिएस्टर दोरी घातली, लेनला २२ मीटर, आणि मागच्या पुलीला स्प्रिंग लावला म्हणजे ताण आपोआप राहतो.

दुसरा तारांचा. २ मिमीची स्टीलची दोरतार तशी शाबूत आहे, पण तार ताणायचे टर्नबकल गंजून जाम झालेले. ते बदलून तारा पुन्हा ताणल्या. मधोमध तार थोडी झुकते, त्याची काळजी करू नये. झुकण्याशी स्कोअरचा संबंध नाही. संबंध आहे तो गाडी टार्गेटच्या टोकाला कुठे टेकते याच्याशी. तिथे आबांनी सागवानी खाच बसवली आहे, गाडीची जीभ त्या खाचेत शिरते आणि कार्ड हलायचं थांबतं. तीन लेनच्या खाचा झिजून रुंद झाल्या होत्या, कार्ड डावी-उजवीकडे डुलत होतं. गोळी मारताना ते दिसत नाही, ग्रुप मात्र आडवा पसरतो आणि मुलगा ट्रिगरला दोष देतो. सुताराकडून सहाही खाचा नव्या करून घेतल्या. तीन जुन्या चालल्या असत्या, पण मग लेन सारख्या राहिल्या नसत्या.

तिसरा बेअरिंगचा. गाडीला ६०८ नंबरचे बेअरिंग आहेत, आत ८ मिमी, बाहेर २२, जाडी ७. स्केटिंगच्या चाकात असतात तेच, गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतात. आबांनी मुद्दाम असे सुटे भाग निवडले. चोवीसच्या चोवीस बदलले. ग्रीस जास्त भरू नये, धूळ धरतं.

लेन ४ च्या प्लायवूडमागे पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: तार कधी बदलली त्याची तारीख आणि खाली "जीभ ३ मिमी घासली, आता नको". जीभ खरंच आणखी घासायला जागा नाही. त्याच जागी खाली आजची तारीख आणि केलेलं काम लिहिलं. पुढेही इथेच लिहायचं, रजिस्टर हरवतं.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी, हॉल बंद. फक्त खरेदी: एलईडी पट्ट्या, ३ मिमी लोखंडी पत्रा, २२० ग्रॅमचं कार्ड.

रविवार, १३ जुलै. अंतर, उंची, उजेड

अंतर १० मीटर, मुभा पाच सेंटिमीटर. मोजताना नेमबाजाच्या बाजूची फायरिंग लाइनची कड धरायची, रेघेची रुंदीही अंतरात येते. कापडी टेप ताणून लांबते, स्टीलची टेप घ्यावी. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर, इथेही मुभा पाच सेंटिमीटर. मोजायचं मात्र फायरिंग पॉइंटच्या फरशीपासून. शाळेच्या हॉलची फरशी टार्गेटकडे उतरती असते, झाडताना पाणी जावं म्हणून. टार्गेटच्या पायापासून मोजलं तर चूक तिथेच घुसते. पाण्याच्या नळीने पातळी घेतली. सहाही मध्य एकमेकांपासून ५ मिमीच्या आत आणले. नियम इतकं मागत नाही, आबा मागायचे.

उजेडासाठी टार्गेटवर कमीत कमी १५०० लक्स (उजेडाचं एकक) लागतात, १८०० असावेत. लेन १ वर १५५० होते, लेन ६ वर १०४०. मुलं लेन ६ टाळायची, कारण विचारलं तर "तिथे जमत नाही" म्हणायची. कमी उजेडात बुबुळ मोठं होतं, फोरसाइट आणि टार्गेट दोन्ही एकत्र स्पष्ट दिसत नाहीत. आता प्रत्येक टार्गेटला वर-खाली अशा दोन पट्ट्या दिल्या, नेमबाजाच्या बाजूने पत्र्याची आड लावून. आड नसली तर दिवा थेट डोळ्यात जातो. फक्त वरून उजेड दिला तर चौकटीची सावली कार्डाच्या वरच्या भागावर पडते आणि काळा गोल खाली सरकल्यासारखा दिसतो. नवे आकडे १७६० ते १८२०. फायरिंग पॉइंटवर ५१०.

स्वस्त एलईडी लुकलुकतात. डोळ्याला जाणवत नाही, पण तासाभराने डोकं दुखतं. फोनच्या स्लो मोशनमध्ये चित्रण केलं की पट्टे दिसतात. चार पट्ट्या त्या कारणाने परत केल्या.

रविवार, २० जुलै. शिशाच्या पेट्या

टार्गेटमागच्या पेटीत ३ मिमी पत्रा खाली झुकता, ४५ अंशांत. छर्रा आपटून खाली पडतो. जुना पत्रा मधोमध खोलगट झाला होता. खोलगट पत्रा छर्ऱ्याचे तुकडे मागे फेकतो, म्हणून पाच मिमी खोली दिसली की बदलायचा.

पेट्या रिकाम्या करताना मुलांना हॉलमध्ये घेतलं नाही. शिशाची धूळ कोरड्या झाडूने उडते आणि फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं वेगळ्या पिशवीत बंद करायचं, मास्क आणि हातमोजे घालायचे. साधा घरगुती व्हॅक्यूम क्लीनर नको, तो बारीक धूळ मागून परत सोडतो. फायरिंग लाइनच्या आत खाणं-पिणं बंद, आणि बाहेर पडताना साबणाने हात. वडापाव खाऊन पुन्हा लाइनवर येणाऱ्यांसाठी बेसिनजवळ मोठ्या अक्षरात पाटी लावली आहे.

रविवार, २७ जुलै. कार्डं

आबांच्या सामन्याला कागदी टार्गेट, हे सगळ्यांचंच म्हणणं पडलं. इलेक्ट्रॉनिक टार्गेट भाड्याने मिळत होती. पण कागदावरचं भोक हातात घेऊन बघण्यात जे शिकायला मिळतं ते पडद्यावरच्या ठिपक्यात मिळत नाही.

४० गोळ्यांचा सामना ठरवला. महिलांचा सामना २०१७ पर्यंत ४० गोळ्यांचाच होता. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० करून विश्वविक्रमाची बरोबरी केली ती याच चाळिसांत. आबा मुलांना तो स्कोअर फळ्यावर लिहून दाखवायचे.

सामन्याच्या एका कार्डावर एक गोळी. चोवीस जागा, माणशी ४० कार्डं सामन्याची आणि ४ सरावाची, म्हणजे १०५६. वाया जाणारी धरून १३०० छापली. सरावाच्या कार्डाला वरच्या उजव्या कोपऱ्यात काळी तिरकी पट्टी. छपाईचा पहिला नमुना व्हर्नियरने मोजला: १० चा ठिपका ०.५ मिमी, ९ चं वर्तुळ ५.५, पुढे प्रत्येक वर्तुळ ५ मिमीने मोठं, १ चं ४५.५. नमुन्यात १ चं वर्तुळ ४५.१ आलं. छापखान्यातल्या संगणकाने "पानात बसवा" केलं होतं. शंभर टक्के मापाने पुन्हा काढायला लावलं.

कार्ड पातळ असेल तर छर्रा कापत नाही, फाडतो. जुलैच्या हवेत जाड कार्डही मऊ पडतं आणि भोकाला झालरी सुटतात, मग गेज बसत नाही. शंभराचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये बंद करून, सिलिका जेलच्या पुड्या घालून पत्र्याच्या पेटीत ठेवले. गठ्ठा त्या-त्या डीटेलच्या, म्हणजे एका वेळी मारणाऱ्या तुकडीच्या, आधीच उघडायचा.

रविवार, ३ ऑगस्ट. जॅकेट आणि गेज

आबांचं जॅकेट मुलांना द्यावं असं बऱ्याच जणांच्या मनात होतं. देऊ नये, असं ठरवलं. जॅकेट अंगाप्रमाणे शिवलेलं असतं. ते सैल असावं इतकं की हात खाली सोडून उभं राहिल्यावर नेहमीच्या बटणापेक्षा ७ सेंटिमीटर पुढे ओढता आलं पाहिजे. दुसऱ्याच्या अंगावर ते खांद्याला उचलतं, पाठीचा आधार चुकीच्या जागी येतो आणि मुलगा कंबर वाकवून उभा राहायला शिकतो. ती सवय पुढे वर्षभर जात नाही. बूट आणि हातमोजा मापाने बसणाऱ्या दोघांना दिले. जॅकेटवर पावसाळ्याने बुरशी धरली होती, ती कोरड्या ब्रशने झाडून, सावलीत वाळवून, रुंद हँगरवर वहिनींकडे परत पोचवलं. उन्हात टाकलं असतं तर कॅनव्हास आणि चामडं वेगवेगळं आकसलं असतं.

दुपारी स्कोअरिंगचा सराव. छर्रा ४.५ मिमीचा, पण कागदाच्या कडा आत वळतात म्हणून भोक लहान दिसतं. डोळ्याने ठरवलं तर नेमबाजावर अन्याय होतो. बाहेरच्या कडेचा गेज ५.५ मिमीचा. तो भोकात बसवल्यावर त्याची कड ८ च्या वर्तुळाच्या आत राहिली तर गोळी १०, ७ च्या आत राहिली तर ९. हे कसं जुळतं ते मुलांना मांडून दाखवलं: १० साठी मध्यापासून जास्तीत जास्त २.५ मिमी, त्यात गेजची त्रिज्या २.७५ मिळवली की ५.२५, आणि तीच ८ च्या वर्तुळाची त्रिज्या. ०.५ मिमीच्या ठिपक्यापाशी काही दिसत नाही, म्हणून निर्णय बाहेरच्या स्वच्छ वर्तुळावर नेलेला आहे. इनर टेनसाठी, म्हणजे अगदी मधल्या १० साठी, पिस्तुलाचा ११.५ मिमीचा गेज, कड ७ च्या आत. कुठलाही गेज एका भोकात एकदाच घालायचा आणि कार्डावर तशी खूण करायची. दुसऱ्यांदा घातला की भोक मोठं होतं आणि तक्रार सोडवायला पुरावा उरत नाही.

रविवार, १० ऑगस्ट. रंगीत तालीम

चार डीटेल, प्रत्येकी सहा. एका डीटेलला साहित्य मांडायला १०, तयारी आणि सराव १५, सामना ६०, आवरायला १५, एकूण १०० मिनिटं. कागदी टार्गेटला वेळ जास्त द्यावाच लागतो. कार्ड आणून, बदलून, परत पाठवायला २५ सेकंद जातात, चाळीस गोळ्यांत ती सतरा मिनिटं होतात. ६० गोळ्यांना कागदावर ९० मिनिटं आणि इलेक्ट्रॉनिकवर ७५, हा फरक त्यातूनच आलेला आहे. आमचं प्रमाण तेच.

श्रद्धांजलीची जागाही आजच ठरवली. हॉलच्या आत आबांचा फोटो ठेवायचा नाही. काचेवरून टार्गेटचे दिवे परावर्तित होतात आणि लेन १ च्या डोळ्यात जातात. फोटो, हार, समई सगळं व्हरांड्यात. उदबत्तीही तिथेच, बंद हॉलमध्ये धुराने डोळे चुरचुरतात. मानवंदना म्हणून छर्रे मारायची सूचना आली होती. ती घेतली नाही: आदेशाशिवाय रेंजवर गोळी सुटत नाही आणि हा नियम आबांनीच इथे रुजवला. दोन मिनिटं स्तब्धता पहिल्या डीटेलच्या आधी, सगळ्या रायफली पेटीत, रिकाम्या असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग घातलेल्या.

रविवार, १७ ऑगस्ट. सामना

१५ ऑगस्टच्या कार्यक्रमानंतर हॉल आदल्या संध्याकाळी मिळाला. लक्स आणि उंची पुन्हा मोजली. लेन ३ ची पट्टी खुर्च्या हलवताना धक्का लागून तिरकी झाली होती, सरळ केली.

तेवीस जण आले. सर्वाधिक ३८७, ज्युनिअरमध्ये ३७९. दुसऱ्या क्रमांकाला बरोबरी झाली, ती इनर टेनच्या संख्येवर सुटली. गेज नऊ कार्डांना लावावा लागला, त्यात पाच गोळ्या वरच्या आकड्यात गेल्या. लेननिहाय सरासरी काढली. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची लेन यांत चाळीस गोळ्यांमागे चार गुणांचा फरक, आणि खालची लेन सहा नव्हती.

बिघाड दोन. तिसऱ्या डीटेलला लेन ५ ची दोरी पुलीवरून उतरली, त्या नेमबाजाला थांबलेला वेळ आणि वर सरावाची मुभा दिली. चौथ्या डीटेलला हवा दमट झाली आणि शेवटच्या गठ्ठ्यातल्या कार्डांना झालरी दिसल्या. दुपारनंतर पन्नासचे गठ्ठे करावे लागतील.

वहिनींनी बक्षिसं दिली: चार रकान्यांच्या वह्या आणि ४.५० चे छर्रे. ढाल नाही.

रविवार, २४ ऑगस्ट. उरलेली कामं

पेट्यांतून सातशे ग्रॅमच्या आसपास शिसं निघालं. हिशोबाला जुळतं: सरावासकट माणशी सुमारे पंचावन्न गोळ्या, प्रत्येकी ०.५३ ग्रॅम. डब्यात बंद करून भंगाराच्या परवानाधारकाकडे.

आबांची रायफल एका वेळी एकाच मुलाला, सहा महिन्यांसाठी. घरी न्यायची नाही. घेताना आणि परत देताना दहा छर्ऱ्यांचा ग्रुप शिकंज्यातून, दोन्ही कार्डं पेटीत. खांद्याला टेकणारी बटप्लेट आणि गालपट्टी किती सरकवली ते मिमीत लिहायचं, म्हणजे पुढच्याला शून्यावरून सुरुवात करता येते. पांढरी रेघ तुटलेली दिसली तर आधी सांगायचं, स्वतः पाना लावायचा नाही. पहिली पाळी ज्या मुलीला आहे तिला ४.० ची रिंग बसवून दिली आहे. तिच्या हाताची लांबी कमी पडत होती, बटप्लेट २२ मिमी आत घेतली.

राहिलेलं: लेन ५ ची पुली खोल खाचेची बदलणं, सप्टेंबरच्या आत. श्वासाच्या पानांच्या प्रती बांधून घेणं. टाकीची मुदत २०२८ ला संपते, नव्या टाकीसाठी दरमहा वर्गणी बाजूला ठेवणं. .२२ च्या विक्रीची परवानगी अजून यायची आहे, पाठपुरावा वहिनींबरोबर जाऊन करायचा.